मुंबईच्या घरांचीं आच्छादनें व त्यांची निगा

१. मुंबई बेटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं किल्ला, बंदर, देवळें, रस्ते व गिरण्या यांविषयीं विपुल लिहून ठेविलें आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ त प्रसिद्ध झालें. बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ त निघाला. त्यानंतरहि या शहरावर ग्रंथ कमी झाले नाहींत. परंतु ज्या घरांत मुंबईकर पिढ्यानुपिढ्या राहिला, त्या घराचें ऊन, पाऊस व ओल यांपासून रक्षण करणारें जें आच्छादन, त्याकडे संशोधकांची दृष्टि क्वचितच वळते. छप्पर हा विषय गवंड्याचा व सुताराचा, इतिहासकाराचा नव्हे, अशी एक समजूत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा व्यवहार जुन्या कागदांशीं आहे. आणि जुने कागद कोणाच्या तरी माळ्यावर, कोणत्या तरी कौलांखालीं पडलेले असतात. कौल सरकलें म्हणजे प्रथम भिजतो तो माळा, आणि माळ्यावर असतें तें दप्तर.

प्रस्तुत लेखांत आम्ही इतकेंच दाखविणार आहों कीं, गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांतील घरांचें आच्छादन एकदां बांधून विसरण्याजोगें कधींच नव्हतें; तें दरसाल नव्यानें सिद्ध करावें लागे. ही वार्षिक राखण चालू होती तोंवर साधीं घरेंहि टिकलीं. ती बंद पडल्यावर भक्कम घरेंहि निकामी झालीं. ती कां बंद पडली, याचीं कारणें कायद्याच्या व नगररचनेच्या इतिहासांत सांपडतात.

२. प्रथम पदार्थविज्ञानाची एक गोष्ट सांगणें जरूर आहे. उष्णता अडविण्याचें काम गवत, लांकूड, वीट किंवा कापूस हे पदार्थ स्वतः फारसे करीत नाहींत. त्यांच्या पोटांत कोंडून राहिलेली स्तब्ध हवा तें काम करते. काउंट रम्फर्ड यानें कपड्यांच्या उबेवर केलेले प्रयोग १७९२ त लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडले, तेव्हांच हें तत्त्व स्पष्ट झालें होतें. आतां ज्या छिद्रांत हवा होती त्यांत पाणी शिरलें तर काय होतें? पाणी स्तब्ध हवेच्या सुमारें पंचवीस पट उष्णता वाहून नेतें. म्हणजे ओलें झालेलें आच्छादन जाग्यावर असूनहि नसल्यासारखेंच असतें. भिंत तीच, जाडी तीच, पण गुण गेलेला.

मुंबईच्या बाबतींत या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. येथें वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उत्तर हिंदुस्थानांत उन्हाळ्यांत वाळ्याचे पडदे भिजवून खोली थंड करितात, कारण तेथील हवा कोरडी असते व पाणी चटकन उडून जातें. मुंबईची हवा मुळांतच दमट. तेथें हा उपाय अर्धाच लागू पडतो. म्हणून मुंबईत ऊन अडविणें आणि ओल अडविणें हीं दोन निरनिराळीं कामें नव्हेत. जें घर कोरडें तेंच घर थंड, हा या बेटाचा नियम होय.

३. या नियमाचें ज्ञान लोकांस होतें, याचा पुरावा भाषेंत आहे. आढें, वासा, रीप, पाखें, वळचण, पागोळी, पन्हळ, झड, माळा, तक्तपोशी, शाकारणी हे शब्द पाहा. यांतील कित्येक शब्द पाणी कोठून येतें, कोठून जातें व कोठें थांबतें हें सांगणारे आहेत. घरावरचें आच्छादन दरसाल काढून पुन्हां घालण्याच्या क्रियेस 'शाकारणें' असें एकच क्रियापद मराठींत आहे. ज्या कर्मास भाषेंत स्वतंत्र धातु मिळतो तें कर्म नैमित्तिक नसून नित्याचें असतें, असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं. 'वळचणीचें पाणी आढ्याला जात नाहीं' ही म्हणहि याच अनुभवांतून आलेली आहे. मात्र मृगाच्या तुफानांत पश्चिमेचा वारा कौलांखालीं पाणी वर चढवितो, तेव्हां तीहि खोटी ठरते, हें कोणताहि शाकारणारा गडी सांगेल.

गिरगांवांतील वाड्यांचीं नांवेंच तेथील जुनी स्थिति सांगतात. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी हीं नांवें बागांचीं आहेत. दादर व माहीम या बाजूस नारळीचीं दाट वनें होतीं. घरास जें आच्छादन लागे तें अशा बागांतून हातासरशीं मिळे. नारळीच्या झावळ्या विणून केलेलीं झापें गरिबाच्या छपरावर तर असतच. परंतु पक्क्या घरांच्या पश्चिम व नैर्ऋत्य बाजूच्या भिंतींसहि पावसाळ्यापुरतीं तीं बांधलीं जात. त्यांचा हेतु झड भिंतीस लागूं न देणें हा. भिंत व झाप यांच्यामध्यें वितभर मोकळी जागा राही. त्यामुळें भिंतीस ओल येत नसे आणि आश्विनांत झापें काढलीं म्हणजे भिंत कोरडी निघे. आजच्या स्थापत्यशास्त्रांत भिंतीबाहेर पोकळी राखून दुसरें आवरण उभारण्याची जी पद्धत आहे, तिचें तत्त्व या झापांत पूर्णपणें आलेलें आहे. भेद इतकाच कीं, झाप एका पावसाळ्यांत कुजत असे आणि ती कुजते हें गृहीत धरूनच दरसालचा खर्च योजलेला असे.

४. झापांस शत्रु दोन : आग व कायदा. फेब्रुवारी १८०३ मध्यें कोटांत लागलेल्या आगीनें शहराचा मोठा भाग भस्म केला. त्या काळीं एस्प्लनेडच्या मैदानावर उन्हाळ्यापुरते तंबू व हलके बंगले उभारण्याची चाल होती. पावसाळ्यापूर्वीं ते मोडावे लागत. तात्पुरतें व पक्कें यांतील भेद मुंबईच्या शासनास तेव्हांपासून महत्त्वाचा वाटूं लागला. पुढें १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें छपरावर किंवा बाहेरच्या भिंतीवर गवत, पानें, चटया, कापड असे जळाऊ पदार्थ कमिशनरच्या परवानगीशिवाय वापरण्यास मनाई केली. दाट वस्तीच्या शहरांत हा नियम अवश्य होता, याबद्दल दुमत नाहीं. तथापि त्याचा एक परिणाम लक्षांत ठेवण्यासारखा आहे : जें आच्छादन सर्वांत स्वस्त, सर्वांत हलकें व सर्वांच्या हातचें होतें, तें यापुढें परवानगीचा विषय झालें. बागाहि तुटत चालल्या होत्या. बाग गेली, झाप गेली, आणि तिच्याबरोबर भिंत झाकण्याची चालहि मागें पडली.

ती चाल समूळ गेली असें मात्र नव्हे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत पावसापासून बचावासाठीं अथवा केवळ पावसाळ्यापुरतें गच्चीवर घातलेलें आच्छादन हें तात्पुरत्या बांधकामांत गणिलें आहे. मे महिन्याच्या अखेरीस लालबाग-परळच्या इमारतींवर जीं निळीं ताडपत्रें चढतात तीं त्या जुन्या झापांचींच वंशज होत.

५. आतां कौलांकडे वळूं. मुंबईच्या घरांवर प्रथम होतीं तीं कुंभारानें चाकावर घडविलेलीं नळीचीं कौलें. त्यांचा एक थर उताणा व दुसरा त्यावर पालथा असा घालीत. जुनीं, अर्धीं, फुटकीं कौलेंहि मधल्या थरांत जिरत. अशा छपरांत कौलाकौलांमध्यें पुष्कळ पोकळी राही, आणि वर सांगितल्याप्रमाणें ती पोकळीच ऊन अडवी. उलटपक्षीं हीं कौलें कोठेंहि अडकविलेलीं नसत. नुसतीं एकमेकांवर टेकलेलीं असत. कावळे, मांजरें व वारा यांच्यामुळें तीं सरकत. म्हणून अक्षय्यतृतीयेपासून रोहिणी नक्षत्रापर्यंतच्या काळांत कौलें उतरवून, झाडून, वासे व रीपा पाहून, फुटकीं बदलून तीं पुन्हां घालीत. या एका कामांत वाळवीची तपासणी, पन्हळांची साफसफाई व माळ्याची झाडलोट हीं सर्व उरकत. माळ्यावरच्या पेट्या हलत, रुमाल सुटत, पोथ्यांस वारा लागे. पोथी जगली ती ज्या पहाऱ्यावर, त्याचा एक मोठा भाग या शाकारणीच्या आठवड्यांत होता.

१८६५ त बाझल मिशननें मंगळूर येथें यंत्रानें दाबलेलीं, एकमेकांत खांचेनें बसणारीं चपटीं कौलें काढण्याचा कारखाना सुरू केला. या खांचेच्या कौलाची मूळ कल्पना फ्रान्समधील आल्सास प्रांतांतली. समुद्रमार्गानें हीं कौलें मुंबईस येऊं लागलीं आणि गिरगांवांतील खोताच्या वाडीपासून परळच्या चाळींपर्यंत सर्वत्र पसरलीं. त्यांचे गुण उघड आहेत : वजन कमी, गळती कमी, दरसाल सगळें छप्पर उतरविण्याची गरज नाहीं. परंतु एक गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. मंगळुरी कौलांचा थर एकच असतो. नळीच्या कौलांची पोकळी त्यांत नाहीं. म्हणून त्यांच्याखालीं लांकडी तक्तपोशी घालून कौल व खोली यांच्यामध्यें हवेचा एक कोठा राखावा लागे. ज्यांस तक्तपोशी परवडली त्यांचीं घरें थंड राहिलीं. चाळींतील वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांस ती परवडली नाहीं, आणि वैशाखांत त्यांस सज्जांत, गच्चीवर अथवा रस्त्यावर निजावें लागलें. शिवाय शाकारणी टळली तशी माळ्याची वार्षिक तपासणीहि टळली. सोयीबरोबर विसर आला.

संग्राहकांस येथें एक सूचना करावीशी वाटते. बाझल मिशनच्या कौलांच्या पाठीवर १८६५ हा आंकडा ठसविलेला आढळतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा आहे, कौलाच्या घडणीचा नव्हे. त्यावरून घराचें वय ठरवूं नये. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. त्या नांवाचा ठसा असलेलें कौल त्यापुढचें समजावें. छपरावर दोन्हीं ठसे मिसळलेले दिसल्यास तें छप्पर निदान एकदां तरी दुरुस्त झालें, इतकें निश्चित होतें. दुरुस्तीचा असा पुरावा कागदांत क्वचित मिळतो, कौलांत मिळतो.

६. गच्चीच्या घरांची गोष्ट निराळी. सिमेंट येण्यापूर्वींच्या गच्चीवर चुन्याचा कोबा घालीत. विटांचे तुकडे व भिजवून मुरविलेला चुना यांचा जाड थर पसरून, बायकांच्या रांगा बसवून तो लांकडी थापीनें दिवसेंदिवस ठोकीत. थापीचा आवाज टणक येऊं लागला म्हणजे कोबा जमला असें समजत. त्यावर चुन्याची बारीक घोटाई होई आणि पन्हळाकडे उतार ठेवलेला असे. पुढें त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचे व फरशांचे तुकडे बसविण्याची रीत पडली. पांढरा चकचकीत तुकडा ऊन परतवितो व पाणी आंत घेत नाहीं. म्हणजे एकाच तुकड्यांत दोन्ही कामें साधतात.

कोब्याचा मोठा गुण असा कीं, तो चुन्याचा असल्यामुळें थोडा लवतो व बारीक चिरा कांहीं अंशीं स्वतःच भरून काढतो. मोठी चीर पडल्यास ती उकरून, धुऊन, पातळ चुन्यानें भरावी लागे. आणि पिंपळाचें रोप दिसतांच तें मुळासकट काढावें लागे. हें काम तासा-दोन तासांचें. परंतु तें वर्षोगणती न झाल्यास पिंपळाची मुळी तुळईपर्यंत पोंचते. पुढील काळांत एक वाईट संवय लागली. गळती झाली कीं जुना थर न काढतां त्यावरच नवा थर घालावयाचा. पुन्हां गळली तर आणखी एक. अशा रीतीनें जुन्या गच्च्यांवर थरांवर थर चढून इमारतीच्या तुळयांवर भार वाढला, आणि मूळ चीर जागच्या जागीं राहिली. निगा म्हणजे थर वाढविणें नव्हे, दोष शोधणें होय, हा धडा मुंबईनें पुष्कळ किंमत देऊन घेतला आहे.

७. १८९६ त मांडवी भागांत प्लेगचा प्रादुर्भाव झाला आणि घराविषयींची सरकारी दृष्टि पालटली. तोंपर्यंत अंधारी, जाड भिंतीची, माळ्याची खोली ही उन्हापासून सुरक्षित म्हणून चांगली समजली जाई. आतां तीच रोगाचें घर ठरली. घरें औषधी पाण्यानें धुण्यांत आलीं, चुन्यानें रंगविलीं गेलीं, अंधाऱ्या खोल्यांत ऊन व वारा यावा म्हणून कोठें कोठें कौलें उचललीं गेलीं, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरांच्या खुणा पडल्या. १८९८ त सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टनें गिचमिड वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, कामकऱ्यांसाठीं चाळी बांधल्या, दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती आंखली. या सर्वांनीं आरोग्यास लाभ झाला, हें निर्विवाद आहे. पण ऊन आंत घेणें व ऊन बाहेर ठेवणें यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्या काळीं सुटला नाहीं. एका टोंकावरून दुसऱ्या टोंकास जाणें झालें.

८. १९२० त सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर असतां डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट स्थापन झालें व त्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें काँक्रीटच्या चाळी उभारल्या. त्यांची संख्या २०७. प्रत्येक बिऱ्हाडास सुमारें १६० चौरस फुटांची एक खोली. दादर व शिवाजी पार्ककडे १९३० नंतर ज्या इमारती झाल्या त्याहि सिमेंट काँक्रीटच्याच. काँक्रीट आग लागूं देत नाहीं, त्यास वाळवी लागत नाहीं; म्हणून त्यास निगा लागत नाहीं असा समज पसरला. तो चुकीचा होता. काँक्रीटची लादी दिवसभर ऊन पिते व रात्रीं तें खोलींत सोडते. शिवाय समुद्रावरच्या खाऱ्या हवेंत तिच्यांतील लोखंड गंजतें, फुगतें आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडतें. शिवाजी पार्क व मरीन ड्राइव्ह येथील वास्तुकारांनीं खिडक्यांवर लांब छज्जे घातले व गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा व चिनी तुकडे कायम ठेविले, म्हणून त्या इमारती सुसह्य राहिल्या. नवा देह, पण डोईवर जुनीच पगडी, अशी ही योजना होती.

९. येथवरचा इतिहास साधनांचा झाला. यापुढचा कर्त्याचा आहे. शाकारणी कोणी करावयाची, हा खरा प्रश्न आहे. घरमालक स्वतः घरांत राहत असे तोंवर या प्रश्नास जागाच नव्हती. चाळींत मालक बाहेर व भाडेकरू आंत झाले. युद्धकाळांत भाडीं भडकूं नयेत म्हणून १९१८ त भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. १९४७ च्या कायद्यानें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकलें. गिरणी-कामगार व कारकून यांस या कायद्यानें डोक्यावर छप्पर राखून दिलें, हें त्याचें श्रेय कोणीहि नाकारूं नये. परंतु कौलें, चुना, लांकूड व मजुरी यांचे भाव चढत राहिले आणि भाडें तेथेंच थांबलें. मालकास दुरुस्ती परवडेना, अथवा परवडत असतांहि करावीशी वाटेना. भाडेकरूस वाटे कीं घर आपलें नव्हे. छप्पर मात्र कोणाचेंच राहिलें नाहीं. त्यांतहि एक अन्याय होता : गळणारें छप्पर सबंध चाळीचें, पण भिजे तें वरच्या मजल्यावरचें बिऱ्हाड. खालचे तीन मजले कोरडे असल्यानें वर्गणीचा प्रश्न निघाला म्हणजे एकवाक्यता होत नसे.

इमारती पडूं लागल्या तेव्हां बेडेकर समितीनें १९६८ त या प्रश्नाचा विचार केला, आणि १९६९ च्या कायद्यानें दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची योजना होऊन उपकर बसविण्यांत आला. उपकर लागू झालेल्या इमारती १९,६४२ होत्या; त्यांपैकीं १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या. १९७७ त हें मंडळ म्हाडांत समाविष्ट झालें. मंडळानें पुष्कळ इमारती सांवरल्या. पण त्याच्यापुढें येणारें काम प्रायः तुळईचें व खांबाचें असे. कौल सरकणें हें त्याच्या दृष्टीनें लहान काम. वास्तविक तुळई कुजते ती सरकलेल्या कौलांतून येणाऱ्या पाण्यानेंच. जें काम दरसाल हातानें व्हावयाचें तें दहा-वीस वर्षांनीं सरकारी निविदेनें होऊं लागलें, हा या काळांतील मुख्य फेरफार होय.

कांहीं विद्वान असें म्हणतात कीं, जुनीं घरें वय झालें म्हणून पडलीं. लांकूड व चुना यांचें आयुष्यच तितकें. यास उत्तर त्याच भागांत उभें आहे. खोताच्या वाडींत ज्या घरांचे धनी घरांत राहिले व दरसाल कौलांवर माणूस चढवीत आले, तीं घरें शतकाहून अधिक काळ टिकलीं आहेत. लांकूड तेंच, चुना तोच, पाऊस तोच. फरक निगेचा.

१०. शाकारणी बंद पडल्यावर तिची जागा पत्र्यानें घेतली. लोखंडी किंवा सिमेंटी पत्रा एका दिवसांत बसतो, पाणी तात्काळ थांबवितो. परंतु पत्र्यास पोकळी नाहीं, जाडी नाहीं. दुपारीं तो तापतो, रात्रीं निवतो, आणि पावसाळ्यांत त्याच्या आंतल्या बाजूस दंव साचून थेंब पडतात. अशा पत्र्याखालच्या माळ्यावर कागदांची काय गति होते, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. काजळाची शाई डिंकांत घोटलेली असते. पाण्याचा स्पर्श होतांच ती पसरते. हवेंतील ओलावा शेंकडा सत्तरीवर गेला म्हणजे बुरशी धरते. उन्हाळ्याच्या तापानें कागद ठिसूळ होतो आणि पुढच्या पावसाळ्यांत तोच ठिसूळ कागद ओल पितो. दोन-चार अशा फेऱ्यांत रुमालाचा लगदा होतो.

गिरगांव-काळबादेवी हा भाग मराठी व संस्कृत ग्रंथांचें मोठें पेठस्थान होता. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ त सुरू झाला, १८८६ पासून त्याची 'काव्यमाला' निघूं लागली, आणि पाठभेदांसाठीं ठिकठिकाणच्या हस्तलिखितांस मागणी आली. शास्त्री, मुद्रक, वैदिक व कारकून यांच्या बिऱ्हाडांत पोथ्या होत्या. डॉ. भाऊ दाजी १८७४ त वारले. त्यांच्या हस्तलिखितांचा संग्रह एशियाटिक सोसायटीकडे आला, १८३३ त पुऱ्या झालेल्या टाऊन हॉलच्या छपराखालीं राहिला, आणि पुढें ह. दा. वेलणकर यांस त्याची सविस्तर सूची करतां आली. ज्या पोथ्या संस्थेच्या दगडी भिंतीआड गेल्या त्या वांचल्या. ज्या माळ्यावर राहिल्या त्यांचें भवितव्य कौलांवर अवलंबून राहिलें. संशोधनाचा इतिहास लिहितांना आपण संग्राहकाचें नांव घेतों. छप्पर राखणाऱ्याचेंहि घेतलें पाहिजे.

११. या इतिहासांतून निगेचे जे नियम निघतात ते थोडक्यांत असे. पहिला : तपासणी रोहिणीपूर्वीं व्हावी, पाऊस सुरू झाल्यावर केलेली दुरुस्ती ओल आंत कोंडते. दुसरा : पन्हळ व वळचण प्रथम पाहावी, कारण तुंबलेलें पाणीच उलट चढतें. तिसरा : माळ्याची व तक्तपोशीवरची पोकळी सामानानें ठांसून भरूं नये, ती मोकळी असेल तरच उपयोगी. चवथा : पांढरी गच्ची दरसाल धुवावी, काळवंडलेली गच्ची ऊन परतवीत नाहीं. हल्लीं छपराखालीं चकाकी असलेले पातळ पत्रे लावितात; त्यांसहि हाच नियम लागू आहे, धूळ बसली कीं त्यांचा गुण कमी होतो, आणि त्यांच्यासमोर हवेची जागा न ठेविल्यास तो मुळीं येतच नाहीं. पांचवा : काचेची लोकर किंवा तत्सम भरण एकदां भिजलें तर तें वाळवून पाहावें, न वाळल्यास काढून टाकावें; ओलें भरण लांकूड कुजवितें. सहावा कागदांविषयीं : दप्तर पश्चिमेच्या भिंतीस टेकून अथवा कौलांलगत ठेवूं नये, सुती रुमालांत बांधावें, प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये, आणि भिजलेलें पान उन्हांत न टाकतां सावलींत, वाऱ्यावर, शोषक कागदांच्या मध्यें वाळवावें.

१२. दक्षिण व मध्य मुंबईतील जुन्या चाळी व वाड्या आतां झपाट्यानें पाडल्या जात आहेत. भाडेकरूंस पक्कीं व प्रशस्त घरें मिळत असतील तर तें इष्टच आहे. दीडशें वर्षांची गळती त्यांनीं सोसली, आणखी सोसावी असें म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु घर पाडण्यापूर्वीं माळा रिकामा होतो, आणि माळा रिकामा करणारा मजूर वहीस व रद्दीस एकच समजतो. म्हणून आमची वाचकांस विनंति अशी : ज्यांच्या ओळखीचें घर मोकळें होत असेल त्यांनीं त्या आठवड्यांत तेथें जावें. पोथ्या व पत्रें तर पाहावींतच. पण घरखर्चाच्या वह्याहि टाकूं देऊं नयेत. त्यांत कौलें, चुना, झापें, रीपा व मजुरी यांच्या नोंदी असतात, आणि कोणत्या सालापासून त्या नोंदी बंद झाल्या हेंहि त्यांतच असतें. कौलांवरचे ठसे उतरून घ्यावेत, आढें-वाशांचा आराखडा काढावा, जुन्या गवंडी-सुतारांच्या तोंडचे शब्द लिहून ठेवावेत. हें साहित्य एकत्र झाल्यास मुंबईच्या घराचा खरा इतिहास लिहितां येईल. राजवाड्यांचा व किल्ल्यांचा इतिहास शिलालेखांत राहतो. साध्या घराचा इतिहास दरसालच्या शाकारणींत असतो, आणि ती थांबली कीं घराबरोबर तोहि गळून जातो.